गुडघेदुखी आणि स्नायूंचे भांडवल

नोव्हेंबर महिना उजाडला की देशभरातील बँकांच्या शाखांतून निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ वाढते. हयातीचा दाखला देण्याचा हा महिना. २०१४ सालापासून ‘जीवन प्रमाण’ सुविधेमुळे हा दाखला घरबसल्याही देता येतो. तरीही जुन्या ओळखी आणि आपुलकीची विचारपूस यांसाठी अनेक ज्येष्ठ ग्राहक आवर्जून शाखेत येतात. त्यांच्या गप्पांत व्याजदराच्या खालोखाल एखादा विषय हमखास निघत असेल, तर तो गुडघ्यांचा. कोणी पायरीवर कठडा धरून क्षणभर थांबतो, कोणी खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा रेटा देतो. मग एखाद्या वर्षी त्यांच्याऐवजी मुलगा येतो आणि सांगतो, “बाबांना आता जिना उतरवत नाही.” आधी जिना सुटतो, मग बाजार, मग देवळाची पायरी आणि अखेरीस शेजाऱ्यांकडे जाणेही. गुडघेदुखीने जीव जात नाही. परंतु माणसाचे जग मात्र आक्रसत जाते.

गुडघा दुखू लागताच बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो विश्रांतीचा. “आता फार चालू नका, गुडघे जपून वापरा,” असे घरचे सांगतात. हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला, तरी दीर्घकाळ पाळल्यास तो दुखणे वाढवणारा ठरतो. असे का होते आणि त्याऐवजी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सांधा म्हणजे यंत्र नव्हे

हिशेबशास्त्रात ‘घसारा’ ही संकल्पना सर्वपरिचित आहे. यंत्र वापरले की झिजते, त्याचे मूल्य दरवर्षी थोडे थोडे कमी होते आणि कमी वापरल्यास ते अधिक काळ टिकते. गुडघ्याकडेही बहुतेक लोक याच दृष्टीने पाहतात. ‘झीज झाली’ हा शब्दप्रयोगही यंत्रावरूनच आलेला. वस्तुतः सांधा हा जिवंत अवयव आहे आणि जिवंत अवयवाचा नियम यंत्राच्या नेमका उलट असतो. तो वापरला नाही, तर दुबळा होतो.

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांना भिडतात. समोरच्या बाजूस वाटी असते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते आणि दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राकृती अशा दोन गाद्या असतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून. पाऊल टेकले की कूर्चा दाबली जाते, उचलले की सैल होते आणि या दाबण्या-सुटण्यातून द्रवाची देवाणघेवाण होते. ओला स्पंज दाबून सोडावा, तसाच हा प्रकार. हालचाल थांबली की ही देवाणघेवाणही मंदावते.

कूर्चेत वेदनावाहक नसाही नसतात. साहजिकच गुडघ्याचे दुखणे केवळ कूर्चेच्या झिजेवर अवलंबून नसते. क्ष-किरण चित्रात बरीच झीज दिसणारी व्यक्ती सहज चालते, तर किरकोळ झीज असणारी व्यक्ती वेदनेने बेजार होते, असे डॉक्टरांना नेहमी आढळते. चित्रातील झीज ही प्रकरणाची एक बाजू झाली. दुसरी बाजू सांध्याभोवतीच्या स्नायूंची. पहिली बाजू बदलणे आपल्या हाती नाही. दुसरी मात्र बऱ्याच अंशी आहे.

दुखण्याचे चक्र

मांडीच्या पुढील भागात चार स्नायूंचा एक समूह असतो. वैद्यकात त्यास ‘क्वाड्रिसेप्स’ म्हणतात. गुडघा सरळ करणे हे त्याचे मुख्य काम. याखेरीज जिना उतरताना, खाली बसताना शरीराचा भार हळूहळू खाली सोडण्याचे कामही तोच करतो. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि जिना उतरताना तो तीन पटींच्याही पुढे जातो. स्नायू सशक्त असतील, तर पाऊल टेकताना बसणारा हिसका ते झेलतात. दुबळे असतील, तर तो थेट सांध्यापर्यंत पोहोचतो.

गुडघा दुखतो म्हणून माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की मांडीचा स्नायू रोडावतो. त्यातच सांध्यात सूज असल्यास मज्जासंस्थाही या स्नायूला मिळणारे संदेश आवरते, त्यामुळे त्याचे आकुंचन अपुरे होते. दुबळ्या स्नायूमुळे सांध्यावरील ताण वाढतो, दुखणे वाढते आणि हालचाल आणखी कमी होते. कर्जाचे हप्ते थकावेत आणि थकबाकीवर व्याज चढत जावे, तसे हे चक्र आहे.

अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की क्ष-किरण चित्रात झीज असूनही ज्यांचे गुडघे अद्याप दुखत नव्हते, अशा व्यक्तींमध्येही मांडीचा स्नायू दुबळा आढळतो. म्हणजेच हा दुबळेपणा केवळ वेदनेचा परिणाम नसून तो आधीपासूनच असू शकतो.

स्नायूंचे बळ पद्धतशीर वाढवण्याची आधुनिक रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली. अमेरिकन सैन्यातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांवर उपचार करताना वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची पद्धत वापरली आणि १९४५ साली ती प्रसिद्ध केली. त्यांच्या रुग्णांत गुडघ्याला इजा झालेले सैनिक मोठ्या संख्येने होते. पेलेल तेवढ्या भारापासून आरंभ करावा, तो सहज पेलू लागला की थोडा वाढवावा, हे त्या पद्धतीचे सार. आजचे फिजिओथेरपिस्टही याच तत्त्वावर व्यायाम सांगतात.

आरंभ करण्यापूर्वी

पन्नाशीच्या आसपास सुरू होणारी, चालल्यावर वाढणारी आणि सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सैल होणारी गुडघेदुखी बहुधा ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ या प्रकारची असते. पुढे दिलेले व्यायाम प्रामुख्याने तिच्यासाठी आहेत. मात्र खालीलपैकी एखादे लक्षण असल्यास व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवणे अत्यावश्यक आहे.

• गुडघा लाल, गरम होऊन सुजणे आणि सोबत ताप असणे.
• पडल्यामुळे वा मुरगळल्यामुळे अचानक सूज येणे, किंवा पायावर भारच न देता येणे.
• गुडघा मध्येच अडकणे आणि सरळ न होणे.
• पोटरी एकाएकी सुजून दुखू लागणे.
• विश्रांतीतही, विशेषतः रात्री, तीव्र वेदना असणे.
• सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकणे आणि बोटांचे सांधेही सुजणे.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यासही वैद्यकीय सल्ला आधी घ्यावा. शक्य असल्यास पहिली दोन-तीन सत्रे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावीत, म्हणजे शरीराची ठेवण बरोबर आहे की नाही, हे कळते.

पहिला टप्पा : सांध्यावर भार न देता

ज्यांना उभे राहून व्यायाम करणे अवघड जाते, त्यांनी या टप्प्यापासून प्रारंभ करावा. साहित्य म्हणून एक सतरंजी, एक टॉवेल आणि एक भक्कम खुर्ची पुरेशी आहे. जमिनीवर बसता-उठता येत नसेल, तर पलंगावर केले तरी चालते.

१. गुडघा दाबणे : पाय पसरून बसावे. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवावी. मांडीचा स्नायू आवळून गुडघा गुंडाळीवर दाबावा. पाच अंक मोजेपर्यंत दाब ठेवावा, मग सैल सोडावे. असे दहा वेळा. मांडीवर तळहात ठेवल्यास स्नायू कडक होत असल्याचे हाताला जाणवते. तो कडक होत नसेल, तर दाब अपुरा आहे असे समजावे.

२. ताठ पाय उचलणे : उताणे झोपावे. एक गुडघा दुमडून पाऊल टेकवावे, दुसरा पाय ताठ ठेवावा. ताठ पाय सुमारे एक फूट वर उचलून पाच अंक मोजावेत आणि सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा. कमरेत कमान पडू देऊ नये.

३. कुशीवर पाय उचलणे : कुशीवर झोपून खालचा पाय थोडा दुमडावा आणि वरचा पाय ताठ ठेवून उचलावा. पाऊल छताकडे वळू देऊ नये. या व्यायामाने खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट होतात. चालताना गुडघा आत वळू न देण्याचे काम हेच स्नायू करतात, म्हणून त्यांची उपेक्षा करू नये.

४. सेतू : उताणे झोपून दोन्ही गुडघे दुमडावेत आणि नितंब आवळून कंबर वर उचलावी. योगाभ्यास करणाऱ्यांना हे सेतुबंधासन परिचित आहेच. पाच अंक मोजून सावकाश खाली यावे.

५. खुर्चीत बसून पाय सरळ करणे : पाठ टेकवून बसावे, एक पाय समोर सरळ करून धरावा आणि हळू खाली सोडावा. काही आठवड्यांनी हा व्यायाम सोपा वाटू लागला, की घोट्याला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधून करता येतो.

दुसरा टप्पा : स्वतःच्या वजनाचा वापर

वरील व्यायाम सहज जमू लागले, की उभ्याने करावयाच्या व्यायामांकडे वळावे. दैनंदिन जीवनात उपयोगी पडणारे बळ येथेच मिळते.

६. खुर्चीतून उठणे-बसणे : हा सर्वांत महत्त्वाचा व्यायाम म्हटला पाहिजे, कारण तो दररोजच्या गरजेचाच सराव आहे. खुर्ची भिंतीला टेकवावी. पाऊले खांद्यांइतक्या अंतरावर ठेवावीत, किंचित पुढे वाकून उठावे आणि तीन अंक मोजत सावकाश बसावे. धपकन बसू नये. आरंभी हातांचा आधार घ्यावा, पुढे तो सोडावा. उंच आसनावरून सुरुवात करावी. बैठकीवर एक जाड उशी ठेवली तरी काम भागते. पाच वेळांपासून आरंभ करून दहापर्यंत जावे.

७. अर्धी बैठक : ओट्याचा किंवा खिडकीच्या कठड्याचा आधार घेऊन गुडघे थोडेच वाकवावेत. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहावा, आत पडू नये. पूर्ण उकिडवे बसण्याची आवश्यकता नाही.

८. टाचा उचलणे : भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभे राहावे आणि हळू खाली यावे. पोटऱ्या बळकट होतात आणि तोल सुधारतो.

९. पायरी चढणे-उतरणे : जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर कठडा धरून एक पाय ठेवावा, दुसरा वर घ्यावा आणि त्याच क्रमाने मागे उतरावे. पायरी उंच वाटल्यास चार ते सहा इंच उंचीचा भक्कम पाट घ्यावा.

प्रत्येक व्यायामाचे दहा वेळांचे एक आवर्तन धरावे आणि जमेल तशी दोन-तीन आवर्तने करावीत. पहिल्या टप्प्यातील हलके व्यायाम रोज करण्यास हरकत नाही. दुसऱ्या टप्प्यातील व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून करावेत. कारण स्नायूंना सावरण्यास वेळ लागतो. प्रत्येक वेळी श्वास रोखू नये. मोठ्याने अंक मोजले, की श्वास आपोआप चालू राहतो.

किती दुखणे चालेल?

व्यायाम सोडून देण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे भीती. जरा दुखले की ‘आत काहीतरी झिजले’ असे वाटते. याबाबत फिजिओथेरपिस्ट एक सोपा निकष सांगतात. वेदनेला शून्य ते दहा गुण द्यावेत. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना वेदना पाचाच्या आत राहिली आणि चोवीस तासांत पूर्वपदावर आली, तर व्यायाम योग्य प्रमाणात आहे. वेदना याहून वाढली किंवा दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर व्यायाम बंद न करता त्याचे प्रमाण कमी करावे. आवर्तने घटवावीत किंवा मागच्या टप्प्यावर यावे. मांडीत जाणवणारी ठणक ही स्नायूंची असते. ती दोन-तीन दिवसांत ओसरते आणि तिची चिंता करण्याचे कारण नाही.

व्यायामाने सांधा अधिक झिजेल, ही शंकाही तपासून पाहिली गेली आहे. अमेरिकेत साठ वर्षांवरील ४३९ व्यक्तींवर झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना चालण्याचा, तर काहींना वजनाचा व्यायाम दीड वर्ष देण्यात आला. केवळ माहिती मिळालेल्या गटाच्या तुलनेत दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले आणि क्ष-किरण चित्रांत झीज वाढल्याचे आढळले नाही.

अपेक्षा किती ठेवावी?

ठेवीच्या योजनेत व्याजाचा दर आधीच स्पष्ट सांगितला जातो. येथेही तेच करणे योग्य. व्यायामाने कूर्चा नव्याने उगवत नाही. जगभरातील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१५ साली ५४ चाचण्यांचा आणि २०२४ साली त्याहून कितीतरी अधिक चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. व्यायामाने वेदना आणि हालचाल यांत सुधारणा होते, हे दोन्ही आढाव्यांतून दिसते. परंतु २०२४ च्या आढाव्यानुसार ही सुधारणा सरासरीने माफक आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ३७७ व्यक्तींवरील दीड वर्षाच्या चाचणीत जड वजनाचा व्यायाम करणाऱ्यांना हलक्या वजनाचा व्यायाम करणाऱ्यांहून वेदनेत अधिक आराम पडला नाही. फार मोठे वजन उचलण्याचा अट्टहास नको, एवढा बोध यातून निश्चित घेता येतो.

शरीराचे वजन अधिक असल्यास व्यायामाला आहाराची जोड द्यावी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की एक किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ४५४ स्थूल व्यक्तींवरील चाचणीत केवळ आहार किंवा केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा दोन्ही एकत्र करणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले.

माफक असली, तरी ही सुधारणा क्षुल्लक समजू नये. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर, मूत्रपिंड आणि हृदय यांना अपाय होऊ शकतो. व्यायामाने मात्र तोल, झोप आणि मधुमेहावरील नियंत्रण यांतही लाभ होतो. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात म्हणूनच ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या प्रत्येक रुग्णास व्यायाम सुचवावा, असे म्हटले आहे. कालांतराने सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागली, तरी त्यानंतर पुन्हा उभे राहताना याच स्नायूंचे बळ कामी येते.

भारतीय घरात आणि कार्यालयात

आपल्याकडे मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून केर काढणे, भारतीय पद्धतीचे शौचालय या गोष्टींमुळे गुडघा पूर्ण वाकवण्याचे प्रसंग वारंवार येतात. दुखणे तीव्र असताना खुर्ची, उंच पाट आणि कमोड यांचा वापर करण्यात कमीपणा मानू नये. बळ वाढल्यावर, झेपेल तितके, जुन्या सवयींकडे परतता येते.

काउंटरवर वा संगणकासमोर तासन्‌तास बसणाऱ्या कर्मचाऱ्यांत वाटीभोवती दुखण्याची तक्रार तरुण वयातही आढळते. दीर्घकाळ बसल्यावर आणि जिना चढता-उतरताना हे दुखणे जाणवते. मांडीच्या पुढील स्नायूंबरोबर खुब्याचे व्यायाम, म्हणजे वरील तिसरा आणि चौथा, यांवर गुणकारी ठरतात. दर अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीतून उठणे शक्य असल्यास जरूर उठावे. हात न टेकता पाच वेळा उठले-बसले, तर सहाव्या व्यायामाचे एक छोटे आवर्तनही होऊन जाते.

स्नायूंचे बळ लगेच वाढत नाही. पहिल्या काही आठवड्यांत मज्जासंस्था स्नायूंचा अधिक चांगला उपयोग करून घेऊ लागते. स्नायूंची प्रत्यक्ष वाढ त्यानंतर दिसते. म्हणून दहा-पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ असे म्हणून सोडून न देता किमान तीन महिने सातत्य ठेवावे. प्रगती मोजण्यासाठी एक सोपी नोंद पुरेशी आहे : अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येते, हे दर महिन्याच्या पहिल्या तारखेस एका वहीत लिहावे. पासबुकातील शिल्लक जशी हप्त्याहप्त्याने वाढते, तसाच हा आकडाही हळूहळू वाढताना दिसेल. हे खाते मात्र ज्याचे त्यानेच चालवावे लागते, दुसऱ्याला त्यात भरणा करता येत नाही. आणि हप्ते थांबले की शिल्लक घटू लागते, हे ध्यानात ठेवून दुखणे कमी झाल्यावरही आठवड्यातील दोन दिवस तरी या व्यायामासाठी राखून ठेवावेत.